पाच पत्त्यांचा मनकवडा खेळ, आठ महिने व्हिडिओ कॉलवर केल्यानंतर

दिवाळीत शिकले, आता आषाढ लागलाय. मधल्या आठ महिन्यांत जवळजवळ प्रत्येक शनिवारी रात्री नऊला हा खेळ मैत्रिणींसमोर केला. दूर राहणाऱ्या माणसांसमोर, फोनच्या पडद्यावरून करायचा असेल तर पत्त्यांचा याहून चांगला खेळ मला सापडलेला नाही. मात्र तो एकटीने होत नाही, आणि जोडीदार कोण यावर सगळं अवलंबून आहे. मला हे कळायला बरेच महिने लागले, म्हणून सविस्तर लिहिते.

समोरच्याला दिसतं ते असं. पुण्याची मैत्रीण स्वतःच्या घरचा कॅट घेते, पिसते, हवे ते पाच पत्ते काढते. त्यांचा फोटो ती फक्त माझ्या सासूबाईंना पाठवते. सासूबाई वर्ध्याला माझ्या दिरांकडे असतात, मी नागपुरात प्रतापनगरला. मधे पाऊणशे किलोमीटर. सासूबाई तिला कळवतात, "यातला हा पत्ता तू मनात धर, कोणाले सांगू नको." उरलेल्या चार पत्त्यांची नावं त्या आमच्या ग्रुपवर टाकतात. मी ती वाचते, थोडा वेळ मैत्रिणीकडे बघते आणि तिच्या मनातला पत्ता सांगते. कॅट तिचा, पिसणं तिचं, पाच पत्ते तिचे. मी कशालाच हात लावलेला नसतो, त्यामुळे हातचलाखीचा संशय घ्यायला जागाच उरत नाही.

आम्ही सहा जणी नागपूरच्या एलएडी कॉलेजच्या. आता दोघीच नागपुरात आहोत; बाकीच्या पुणे, बेंगळुरू, रायपूर आणि दुबई. याआधी मी त्यांना दोन खेळ दाखवले होते. पहिला सगळ्यांनी लहानपणी पाहिलेला, २१ पत्त्यांचा. सात-सात पत्त्यांच्या तीन ओळी, सांगितलेली ओळ दरवेळी मधे घ्यायची, असं तीनदा मांडलं की मनातला पत्ता अकराव्या जागी येतो. चुकत नाही, पण तीन मांडण्या म्हणजे ६३ वेळा पत्ता टाकायचा. समोर बसून ते चालतं, फोनवर माणसं कंटाळतात. दुसरा सहा चित्रांच्या पत्त्यांचा, नेटवर कित्येक वर्षं फिरतोय. एक पत्ता मनात धरा, डोळ्यात बघा, आता पाचच उरलेत आणि तुमचा गायब! खरं तर सहाच्या सहा पत्ते बदललेले असतात. माणूस फक्त आपलाच शोधतो म्हणून लक्षात येत नाही. युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि छान आहे, पण ग्रुपमध्ये टिकत नाही. बेंगळुरूच्या मैत्रिणीने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर सांगायला काही उरलं नाही.

पाच पत्त्यांचा खेळ स्क्रीनशॉटला घाबरत नाही, कारण लपवायचं असं पडद्यावर काहीच नसतं. हा विल्यम फिच चेनी या अमेरिकी गणितज्ञाचा खेळ, १९५० साली छापून आलेला. जगभर गणिताच्या वर्गांत तो उघडपणे शिकवतात, त्यामुळे इथे सांगायला हरकत वाटत नाही.

पत्त्यांचे रंग चार (किलवर, चौकट, बदाम, इस्पिक), आणि काढलेले पत्ते पाच. म्हणजे निदान दोन पत्ते एकाच रंगाचे असणारच. त्यातला एक मनात धरायला द्यायचा आणि दुसरा यादीत सगळ्यात आधी लिहायचा. या दुसऱ्याला आम्ही वाटाड्या म्हणतो. वाटाड्या वाचला की मनातल्या पत्त्याचा रंग मला कळला. आता आकडा. एक्का म्हणजे १, गुलाम ११, राणी १२, राजा १३, आणि राजानंतर पुन्हा एक्का, घड्याळासारखं गोल. या तेरा घरांच्या गोलात दोन पत्ते कुठेही असू देत, एकाकडून दुसऱ्याकडे जायला कुठल्या तरी एका बाजूने सहा किंवा त्याहून कमीच घरं लागतात. मोजणी मात्र नेहमी पुढेच करायची, त्यामुळे दोघांपैकी कोणाला वाटाड्या करायचं ते आपोआप ठरतं. राहिले तीन पत्ते. ते एकापुढे एक मांडायचे प्रकार बरोबर सहाच. वाटाड्यापासून किती घरं पुढे जायचं ते या क्रमातून कळतं: छोटा-मधला-मोठा म्हणजे १, छोटा-मोठा-मधला २, मधला-छोटा-मोठा ३, मधला-मोठा-छोटा ४, मोठा-छोटा-मधला ५, मोठा-मधला-छोटा ६. आकडा सारखा आला तर किलवर सगळ्यात लहान, मग चौकट, बदाम, इस्पिक.

आमचाच एक डाव सांगते. पत्ते आले बदाम राणी, बदाम तिर्री, इस्पिक सत्ती, किलवर दश्शी, चौकट दुर्री. राणीच्या पुढे राजा, एक्का, दुर्री, तिर्री, म्हणजे चार घरं. तिर्री मनात, राणी वाटाड्या. चारसाठी मधला-मोठा-छोटा, म्हणून सत्ती, दश्शी, दुर्री. आजच्या पद्धतीने ग्रुपवर निरोप येईल: बदाम राणी, इस्पिक सत्ती, किलवर दश्शी, चौकट दुर्री. मी राणीपासून चार घरं पुढे जाईन आणि म्हणेन बदाम तिर्री. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० संच होऊ शकतात आणि हा हिशेब एकालाही अपवाद करत नाही. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

हाच डाव मला पक्का आठवतो, कारण तो चुकला होता. तेव्हा आम्ही नावं लिहून पाठवत नव्हतो. कॅट सासूबाईंकडेच असायचा, मैत्रीण पाच पत्त्यांची नावं त्यांना खासगीत कळवायची, आणि त्या चार पत्ते टेबलावर डब्याला टेकवून कॅमेऱ्यासमोर उभे करायच्या. बघायला ते जास्त छान होतं. पण समोरच्या कॅमेऱ्यात आपल्याला आपण आरशातल्यासारखे दिसतो आणि इतरांना सरळ. त्यांनी त्यांच्या डावीकडून मांडलं, ते मला उजवीकडून सुरू झालेलं दिसलं. मी वाचलं चौकट दुर्री, किलवर दश्शी, इस्पिक सत्ती, बदाम राणी. चौकट दुर्रीपासून तीन घरं, म्हणून मी ठामपणे सांगितलं चौकट पंजी. मैत्रीण गप्प. सासूबाई तिकडून, "अवं नाही वं, बराबर पाहून सांग!" त्या रात्री आम्ही दोघी साडेअकरापर्यंत फोनवर होतो. चूक कोणाची हे शोधता शोधता आरसा सापडला.

तेव्हापासून निरोप लिहूनच, आणि तोही एकाच मेसेजमध्ये. चार नावं चार वेगळ्या मेसेजमध्ये पाठवली तर नेटवर्क कमी असताना ती मागेपुढे पोचतात, आणि इथे क्रम हाच सगळा निरोप आहे. पत्त्यांबद्दलही थोडं. प्लॅस्टिकचे पत्ते ट्यूबलाइटखाली चमकतात, फोटोत नेमका कोपऱ्यातल्या आकड्यावर पांढरा डाग येतो. साधे कागदी घ्यावेत. सीताबर्डीवरून घेतलेला साधा कॅट मला सहा महिने पुरला, पावसाळा लागल्यावर मात्र पत्ते एकमेकांना चिकटायला लागलेत. अंधुक फोटोत किलवर आणि इस्पिक यांची गल्लत होते, म्हणून सासूबाई शंका आली की सरळ विचारून घेतात. आणि नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, कूलर बंद करणं शक्य नाही, आणि कूलर चालू असताना मैत्रिणीचं बोलणं ऐकू येत नाही. एप्रिल ते जून मी इअरफोन लावूनच बसले.

खेळाची खरी मर्यादा वेगळी आहे. कोणीतरी कधी ना कधी म्हणतंच, "मनात कुठला पत्ता धरायचा ते मी ठरवणार." तसं केलं की खेळ फसतो. चार पत्ते २४ प्रकारांनी मांडता येतात, आणि न दिसलेले पत्ते असतात ४८. नुसत्या मांडणीतून अर्धंच सांगता येतं. उरलेलं अर्धं काम कोणता पत्ता बाजूला ठेवला यानेच होतं. त्यामुळे ते ठरवण्याचा हक्क सासूबाईंकडे राहायलाच हवा. आम्ही आता सुरुवातीलाच नियम म्हणून सांगतो की पाच पत्ते तुझे, त्यातला एक आई निवडतील. तेव्हा कोणाला त्यात काही खटकत नाही. मधेच सांगितलं तर खटकतं.

दुसरी मर्यादा वारंवार करण्याची. डिसेंबरमध्ये रायपूरच्या मैत्रिणीने चौथ्या डावानंतर विचारलं, "पहिल्या पत्त्याचा आणि शेवटी निघणाऱ्याचा रंग दरवेळी एकच कसा गं?" त्यावर तोड सासूबाईंनीच काढली. पहिल्या डावात वाटाड्या पहिल्या जागी, दुसऱ्यात दुसऱ्या, तिसऱ्यात तिसऱ्या, चौथ्यात शेवटी. बाकीचे तीन आपापल्या क्रमात. त्यानंतर आजपर्यंत कोणाला आपणहून धागा सापडलेला नाही. तरी एका रात्री चारपेक्षा जास्त डाव मी करत नाही.

आता जोडीदाराबद्दल, कारण तिथेच मी सुरुवातीला चुकीचा विचार करत होते. मला वाटायचं की खेळ माझा आहे आणि त्या मदत करतायत. टाळ्या मला मिळायच्या, "कसं ओळखलंस गं" मला विचारायच्या. प्रत्यक्षात माझं काम दहा सेकंदांचं: रंग बघा, क्रम बघा, घरं मोजा. अवघड सगळं तिकडे. पाच पत्त्यांत जोड शोधायची, घरं कुठून मोजायची ते ठरवायचं, उरलेल्या तिघांचा क्रम लावायचा आणि हे सगळं मैत्रिणी वाट बघत असताना. सुरुवातीला त्यांना चार-पाच मिनिटं लागायची. आता मिनिटही लागत नाही. सासरे होते तोवर वर्ध्याच्या घरी दुपारी मेंढीकोट चालायचा, शेजारचे दोघं आणि हे दोघं. ते गेल्यावर सासूबाईंनी पत्ते कपाटात ठेवून दिले होते. मी दिवाळीत विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मले आता कायले लावतं ह्या भानगडीत." तरी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना त्यांनीच विचारलं, "राजाच्या पुढं एक्का घ्याचा ना वं?"

आता रोज दुपारी चारच्या सुमारास त्यांचा मेसेज येतो, पाच पत्त्यांतले चार. मी दुकानात असते, औषधांचं दुकान आहे आमचं, गिऱ्हाईक नसेल तर लगेच उत्तर देते. या सरावातून एक गोष्ट लक्षात आली. पाचात दोन जोड्या असल्या तर कुठली वापरायची हे हिशेब सांगत नाही, ते त्यांच्यावर असतं. आणि त्या बहुधा कमी घरांची जोड घेतात. बदाम आला की बदामाला आधी मान. कंटाळल्या असल्या की आकडा एक नाही तर दोनच येतो. सहा आला की समजायचं, आज तब्येत बरी आहे. नुसत्या चार पत्त्यांवरून मला त्यांचा दिवस कसा गेला ते बहुतेक वेळा कळतं. पूर्वी फोनवर "बरी आहे" यापलीकडे त्या काही सांगत नसत.

एक प्रसंग मात्र मनाला लागला. फेब्रुवारीत एका मैत्रिणीच्या शेजारच्या काकू कॉलवर बसल्या होत्या. खेळ बघून त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "माझी पोत हरवली आहे, कोणी नेली ते सांगाल का?" त्या अगदी मनापासून विचारत होत्या. मी तिथेच त्यांना सांगितलं की काकू, ही विद्या नाही, हिशेब आहे, आणि पत्ते दाखवून एक डाव उलगडून दिला. श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम आमच्या नागपूरने जवळून पाहिलेलं आहे. लहानपणी आमच्या वस्तीत कार्यकर्त्यांनी चमत्कार करून दाखवले आणि मग प्रत्येकाची युक्तीही सांगितली, ते मला आठवतं. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण त्या वेळी कायदा नाही, काकूंचे जोडलेले हात डोळ्यासमोर होते. तेव्हापासून नवीन माणूस कॉलवर असेल तर आम्ही आधीच सांगतो, "ही युक्ती आहे, पकडून दाखवा." खेळाची मजा कमी होत नाही. उलट लोक कागद-पेन घेऊन बसतात.

हा खेळ करायला घ्यावा का, असं कोणी विचारलं तर हो, नक्की घ्या. खर्च एका कॅटचा, तोही समोरच्याकडे असेल तर शून्य. शिकायला मला तीन दिवस लागले, विश्वासाने करायला दोन महिने. सहा क्रम तोंडपाठ झाल्याशिवाय कोणासमोर करू नका. पाठ होईपर्यंत मी ते दुकानातल्या बिलबुकाच्या मागे लिहून ठेवले होते. आणि जोडीदार असा निवडा की ज्याच्याशी रोज पाच मिनिटं बोलायला तुम्हाला आवडेल, कारण सराव रोज लागतो.

येत्या शनिवारी आम्ही जागा बदलतोय. पत्ते मी लावणार, ओळखणार सासूबाई. मैत्रिणींना अजून सांगितलेलं नाही. काल दुपारी पाच डाव करून पाहिले. मला दर डावाला तीन मिनिटं लागली, आणि माझा मेसेज पोचतो न पोचतो तोच वर्ध्याहून उत्तर येत होतं.