डिजिटल वजनकाटा आणि मापाचा जग, आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाबांची किडनी तिसऱ्या स्टेजला आहे कळल्यावर डॉक्टरांनी दोन वस्तू आणायला सांगितल्या, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा आणि मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा जग.

काट्याने खरंच उपकार केलेत. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन घ्यायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे दोन दिवसांत वजन दीड-दोन किलो चढलं तर ते अंगात साठलेलं पाणीच समजायचं. तिसऱ्या महिन्यात १.८ किलो वाढलं, पायावर बोट दाबलं तर सुजेचा खड्डासुद्धा पडत नव्हता अजून, तरी फोन केला, डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस बदलला आणि चार दिवसांत वजन जागेवर आलं. फक्त काटा फरशीवरच ठेवा, सतरंजीवर आकडा चुकतो.

जगाने मात्र आधी मला फसवलं, म्हणजे चूक माझीच समजण्यात होती. दिवसाची लघवी पावणेदोन-दोन लिटर भरायची, म्हटलं एवढी होतेय तर किडनी बरीच असणार. आणि रिपोर्ट काय, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) १.९, वय ६८ धरून ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिली गाळते त्याचा अंदाज) ३८! तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की निरोगी किडनी मिनिटाला सव्वाशे मिलीच्या आसपास म्हणजे दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी रक्तातून गाळते आणि त्यातलं ९९ टक्के परत शोषून घेते, लघवी होते ती उरलेली दीड-दोन लिटर. बाबांचं गाळणं ३८ वर आलं तरी दिवसाला ५५ लिटर होतातच, त्यातलं थोडं कमी शोषलं की लघवी तेवढीच भरते. म्हणून जग पाण्याचा हिशोब सांगतो, गाळणी किती उरली ते रक्ताची टेस्टच सांगते. आणि क्रिएटिनिनही उशिरा बोलतं, जवळपास निम्मं काम गेलं तरी कधीकधी नॉर्मलमध्येच असतं, त्यामुळे सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातून गळून येणाऱ्या प्रथिनाची टेस्ट करून घ्याच.

पिणं आणि लघवी बरोब्बर जुळत नाही म्हणून सुरुवातीला मी फार घाबरायचे, पण घाम आणि श्वासातूनच दिवसाला अर्धा-पाऊण लिटर जातं. शिवाय पाणी कमी पडलं की मेंदूतून एडीएच हार्मोन सुटतं, किडनी जास्त पाणी परत घेते आणि लघवी घट्ट, गडद होते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठवडाभराचं बघा.

२४ तासांची लघवी गोळा करतानाही हाच जग वापरला. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून सगळी साठवायची. पहिल्यांदा आमची एक राहिली आणि पूर्ण टेस्ट परत करावी लागली.

काटा पुन्हा हाच घेईन. जगाच्या छापील खुणा सहाव्या महिन्यात पुसल्या, मार्करने रेघा ओढून चालवतेय, तुम्ही घेताना उठावदार खुणांचाच बघा.