सराफाकडे ठेवलेले माझे 1,86,000 गेले, तुमची भिशीची कार्डं आजच काढून बघा

ज्यांनी ज्यांनी सराफाकडे सोन्याची भिशी लावलीय त्यांनी हे वाचाच. मी कोकणात एका बंदराच्या गावात राहते, दोन रूम पर्यटकांना देते, जेवण करून घालते. आमच्या बाजारपेठेतल्या सराफाने माझे 1,86,000 रुपये बुडवले. हिशोब असा: महिना 5,000 ची भिशी, 9 हप्ते, म्हणजे 45,000. वर एकरकमी ठेव 1,50,000. त्यातून व्याज म्हणून परत आले 9,000. बाकी सगळं गेलं, दुकानाला कुलूप आणि फोन बंद.

भिशी कशी असते ते सगळ्यांना माहितीय, 11 हप्ते आपले, बारावा दुकानदाराचा. आधीच्या वर्षी मी अशीच पूर्ण केली होती, मुलीला कानातले घेतले, हॉलमार्क बरोबर, बिल बरोबर, एका रुपयाची तक्रार नाही. म्हणूनच शेट जेव्हा म्हणाला, "वहिनी, बँकेत ठेवून काय मिळतं, आमच्याकडे टाका, 18 टक्के देतो, महिन्याला 2,250 हातात," तेव्हा विश्वास बसला. वडिलांपासूनचं दुकान, गावातल्या निम्म्या लग्नांचे दागिने तिथलेच, गणपतीत एकमेकांकडे आरतीला जाणारी माणसं आम्ही. आता लोक म्हणतात लोभ नडला. म्हणा. पण मे महिन्याच्या सीझनला कमवायचं आणि तेच पावसाळाभर पुरवायचं असं आमचं असतं, जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटक नाही, तेव्हा 2,250 म्हणजे घरातला किराणा. मी काही जुगार खेळायला गेले नव्हते.

आणि जे आठवलं की अजून डोकं फिरतं ते सांगते. सातव्या हप्त्याला गेले तर गल्ल्यावरचा क्यूआर कोड पालथा घातलेला आणि त्याने स्वतःच्या मोबाईलवरचा दुसरा पुढे केला. स्कॅन केला तर दुकानाचं नाव नाही, त्याच्या मेव्हण्याचं नाव. माझ्या स्क्रीनवर, स्पष्ट. मी विचारलं, नाही असं नाही, तर म्हणे "दुकानाच्या खात्याची लिमिट संपलीय वहिनी, एकच आहे सगळं". कार्डावर शिक्का नाही, नुसती पेनाची सही, शिक्का म्हणे नवीन करायला टाकलाय. आणि काचेखाली जिथे मंगळसूत्रं दाटीने लावलेली असायची तिथे ट्रेमधलं लाल मखमल दिसत होतं, मधेच एखादी चेन. हे सगळं एकाच वेळी समोर होतं! पण मागे दोन बायका हप्ता घेऊन उभ्या, ओळखीच्या माणसाला त्यांच्यासमोर किती खोदून विचारणार, आपल्याकडे ती रीतच नाही, आणि ह्या भिडेवरच असली माणसं पैसे उकळतात. पैसे भरताना नाव वेगळं आलं की तिथेच थांबा, कोणाला काय वाटेल ते वाटू दे.

माझ्या शब्दावर जाऊबाईनेही 2,000 ची भिशी लावली होती, तिचे 14,000 गेले. ती काही बोलत नाही, पण मला तिच्यासमोर उभं राहवत नाही.

पोलिसांचं तर विचारूच नका. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्तात आहेत". मग "हे दिवाणी आहे, कोर्टात जा". मग "सगळे एकत्र या, एकेकट्याची तक्रार घेत नाही". सगळे एकत्र गेलो तर "एवढी गर्दी कशाला केलीत"! झेरॉक्सचे तीन सेट मागितले, ते टेबलावर ठेवले आणि वर एकाने ऐकवलं, "18 टक्के घेताना आम्हाला विचारलं होतं का?" अहो, ठेवीदारांच्या पैशांच्या संरक्षणासाठी 1999 पासून महाराष्ट्रात एमपीआयडी कायदा आहे, बेकायदा ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा 2019 चा आहे, त्याच वर्षी ठाणे-डोंबिवलीत एका सराफी पेढीने असंच केलं तेव्हा एमपीआयडी लावला होता, मग आमच्याच वेळी हे दिवाणी कसं? आम्ही चोर असल्यासारखं बाहेर बाकावर बसवून ठेवायचं आणि ज्याने पैसे नेले त्याच्या घरी एक शिपाई पाठवायचा नाही. तहसील कार्यालयात गेलो तर त्यांनी परत पोलिसांकडे पाठवलं.

शेवटी एका वकिलांनी सांगितलं ते लिहिते. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेत नसतील तर फौजदारी प्रक्रियेच्या नवीन बीएनएसएस कायद्याच्या कलम 173(4) खाली लेखी तक्रार पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही बेकायदा ठेवींची तक्रार टाकता येते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सराफाकडच्या पैशाला असलं काहीही नसतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! भिशी 11 महिन्यांचीच का असते तेही तेव्हाच कळलं, कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांच्या आत मालात वळती करावी लागते. म्हणजे सोनं सोडून नुसतं व्याज देतो म्हणाला की ती भिशी राहिलीच नाही, पाय मागे घ्या. हप्ता रोख देऊ नका. शिक्का नाही तर पैसे नाहीत.

आम्ही अर्ज रजिस्टर एडीने पाठवलाय. आता गावात एक जण फिरतोय, "10 टक्के आधी द्या, तुमची रक्कम काढून देतो" म्हणत आणि मूळ कार्डं मागतोय. त्याला एक रुपया देऊ नका आणि कार्ड तर अजिबात हातात देऊ नका, तेवढाच पुरावा आपल्याकडे उरलाय.