मसाला कांडपाचं दुकान आणि फोनवरची दोन फुकटची साधनं: आठ महिन्यांचा अनुभव

कराडमध्ये आमचं मसाला कांडपाचं दुकान आहे. खरी धांदल मार्च ते मे. बाकी वर्षभर तयार कांदा-लसूण मसाला आणि हळद. दिवाळीत मुलीने व्हॉट्सॲप बिझनेस (दुकानदारांसाठीचं व्हॉट्सॲप) आणि गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलवर आणि नकाशावर दुकानाची माहिती दाखवणारं पान) चालू करून दिलं. आता उन्हाळ्याचा अख्खा हंगाम त्यावर काढला, म्हणून लिहिते.

गूगलवर पाटी, रस्ता आणि आतलं यंत्र दाखवणारा व्हिडिओ पाठवल्यावर पडताळणी झाली. नकाशावरची खूण मागच्या बोळात पडली होती, ती सरकवून दारात आणली. तेवढ्यानेच ‘ताई, दुकान सापडत नाही’ हे फोन थांबले. हंगामात वेळ बदलली की तिथेही त्याच दिवशी बदला. उन्हातून पाच किलो मिरच्या घेऊन आलेल्या बाईला कुलूप दिसलं, तर ती पुन्हा येत नाही.

मोठा फटका मार्चमध्ये बसला. ‘गूगलच्या पहिल्या पानावर आणतो’ म्हणणाऱ्या एका एजन्सीला पैसे दिले. त्यांनी दुकानाच्या नावातच ‘कराडमधील सर्वोत्तम मसाला’ घुसडलं. पाटीवर नसलेले शब्द नावात चालत नाहीत, असा गूगलचा नियम आहे. प्रोफाइल निलंबित झालं आणि अपील करून परत मिळेपर्यंत ऐन हंगामातले दोन आठवडे गेले. पासवर्ड कुणालाही देऊ नका, हे कळकळीने सांगते.

व्हॉट्सॲपवर मला सगळ्यात उपयोगी पडली ती लेबलं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चॅटला लावायच्या खुणा. ‘भाजायचं’, ‘कुटून तयार’, ‘पैसे बाकी’ अशी तीन केली आणि वहीतला गोंधळ संपला. कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिथल्या मालाच्या यादीत, आधी ब्याडगी, संकेश्वरी सगळ्यांचे भाव टाकले होते. पण मिरचीचा भाव सारखा हलतो आणि गिऱ्हाईक जुना भाव दाखवून वाद घालतं. आता तिथे फक्त कांडपाचा दर आणि तयार मसाला ठेवलाय.

ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याचं, मात्र नीट समजून घ्या. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोहोचतो. फेब्रुवारीत पहिला मेसेज टाकला आणि त्या मेसेजची माहिती उघडून पाहिली, तर निम्म्यांनाही पोहोचला नव्हता. तेव्हापासून पिशवी वजनकाट्यावर ठेवली की मी आधी म्हणते, ‘ताई, आमचा नंबर सेव्ह करा, मसाला तयार झाला की कळवते.’ ओगलेवाडीच्या एका आजींनी फोनच माझ्या हातात दिला. नाव काय टाकू विचारलं, तर म्हणाल्या, ‘तिखट टाक.’ मे महिन्यात त्यांच्या दोन्ही सुनांच्या मिरच्या आमच्याकडे आल्या.

इन्स्टाग्रामवर एक रील पैसे देऊन चालवली. लाइक नाशिक-नागपूरचे आले. तिथून कांडपाला कोण येणार? जाहिरातीचा परिसर आधीच कराडपुरता ठेवायला हवा होता.

गूगलवरच्या रिव्ह्यूसाठी सूट देऊ नका, तेही नियमात बसत नाही. आम्हाला एकीने दोन तारे दिले, मसाला जाडसर राहिला म्हणून. तिचं बरोबर होतं. खालीच उत्तर लिहिलं, मसाला परत आणा, पुन्हा कुटून देते. ती आली, आणि आता तिच्या पिशवीवर मी स्वतः ‘बारीक’ लिहून ठेवते.