आठ महिने सॉफ्टवेअरमध्ये डीबी मांडल्यावर: लोड बॅलन्सच्या बटणाचा अनुभव

लई दिवस लिहायचं मनात होतं, पण गेल्या मंगळवारी शाहूपुरीतल्या साईटवर जे झालं त्यानंतर आता बसून लिहितोच. कोल्हापुरात आमचं इलेक्ट्रिकल डिझाइनचं छोटं काम आहे, मी आणि एक ड्राफ्ट्समन पोरगा. आधी ऑटोकॅडमध्ये पॉइंट मांडायचे, एक्सेलमध्ये लोडचं शीट करायचं आणि दोन्ही जुळतंय का ते डोळ्यांनी बघायचं, असं पंधरा वर्षं चाललं. आठ महिन्यांपूर्वी एका आर्किटेक्टनं अट घातली की त्यांचं अख्खं मॉडेल थ्रीडीत आहे, तुम्ही पण त्यातच या. म्हणून ते बिल्डिंग मॉडेलवालं सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्यानं घेतलं. नाव लिहीत नाही, वापरणाऱ्याला दोन परिच्छेदांत कळेलच.

मंगळवारचं आधी सांगतो. चार मजली इमारत, खाली दुकानं, वर ऑफिसं. प्रत्येक मजल्याला एक ८ वेची टीपीएन डीबी, म्हणजे आर, वाय, बी या तीन फेज आणि न्यूट्रल असलेली वीज वाटायची पेटी, प्रत्येक फेजला ८ जागा, एकूण २४ सिंगल पोल एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच). दुसऱ्या मजल्यावर एसीवाला आला, केबिनच्या एसीचं काम होतं. डीबीच्या दारावर मीच दिलेला चार्ट चिकटवलेला, त्यात आर ३, म्हणजे आर फेजचं तिसरं सर्किट, हा केबिनचा एसी. त्यानं आर ३ खाली पाडला आणि तिकडं आतल्या खोलीत सर्व्हरचा यूपीएस बोंबलायला लागला. आमचे वायरमन मामा तिथंच होते, त्यांनी एसीच्या पॉइंटला टेस्टर लावला तर दिवा लख्ख. मामांनी मला फोन केला, "अहो सायब, तुमच्या कागदावर आर ३ एसी हाय आणि माझ्या फेरूलवर आर ३ सर्व्हर हाय, आता खरं कुठलं धरू?" फेरूल म्हणजे वायरच्या टोकाला घातलेली नंबरची रिंग. मामांनी सवयीनं टेस्टर लावला म्हणून, नाहीतर त्या एसीवाल्यानं एमसीबी पाडलाय या भरवशावर स्क्रू सोडले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो.

झालं असं होतं की त्याच्या तीन आठवडे आधी मी त्या डीबीचं पॅनेल शेड्यूल, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या सर्किटांचा तक्ता, उघडून बघत होतो. आर फेजवर ९.२ किलोवॅट, वायवर ४.१, बीवर ५.३. वाईट वाटलं, कारण तीन फेज एवढ्या वरखाली असल्या की न्यूट्रलमधून नको तेवढा करंट परत येतो आणि एकच फेज तापत राहते. शेड्यूलच्या वरच्या पट्टीत लोड समतोल करायचं बटण आहे, ते दाबलं. एका सेकंदात ६.३, ६.२, ६.१. मी खूश, पोराला बोलावून दाखवलं, एक्सेलमध्ये याच कामाला अर्धी दुपार जायची. पण ते बटण नुसता हिशोब करत नाही, ते सर्किटं उचलून दुसऱ्या जागी बसवतं, आणि जागा बदलली की सर्किटचा नंबर बदलतो आणि ड्रॉइंगवरचे सगळे टॅग पण आपोआप बदलतात. हेच तर या सॉफ्टवेअरचं मोठेपण म्हणून विकतात, एकीकडं बदला सगळीकडं बदलेल. सगळीकडं म्हणजे मॉडेलमध्ये हो! भिंतीतल्या कंड्यूटमध्ये ओढून झालेल्या वायरच्या फेरूलवर नाही बदलत. मामांच्या हातात जुनी प्रिंट, दारावर नवीन चार्ट, आणि दोन्हीवर नाव माझंच. बटण दाबताना एक ओळीची सूचना यायला पाहिजे होती की बाबा सोळा सर्किटांचे नंबर बदलणार आहेत, चालेल का. मला तरी आली नाही.

ज्यांच्याकडून लायसन घेतलं त्यांच्या सपोर्टला फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला सर ते तसंच चालतं, अनडू करा. तीन आठवड्यांपूर्वीचं काय अनडू करू, मध्ये पन्नास गोष्टी बदलल्यात. परत फोन केला तर दुसऱ्यानं उचललं, त्यानं ट्रेनिंगचा कोर्स घ्या सांगितलं, त्याची फी वेगळी. मी बोललो जरा मोठ्यानं, ते लिहीत नाही.

आता इथपर्यंत वाचून वाटेल की मी हे सॉफ्टवेअर घेऊ नका म्हणणार. मंगळवारी संध्याकाळी लिहिलं असतं तर तेच लिहिलं असतं. बुधवारी सकाळी पोरानं शोधून काढलं की त्याच शेड्यूलमध्ये रकाना निवडून लॉक करता येतो. लॉक केलेलं सर्किट समतोलाच्या बटणानं हलत नाही. म्हणजे सोय होती, आठ महिने माझ्यासमोर होती. त्यामुळं आता आमच्या ऑफिसात नियम केलाय: साईटवर पहिली प्रिंट गेली त्या दिवशी त्या डीबीचे सगळे रकाने लॉक. त्याच्यानंतर समतोल करायचाच असेल तर हातानं, मामांना विचारून, कुठली वायर अजून ओढायची बाकी आहे ते बघून. समतोलाचं बटण हे वायर ओढायच्या आधीचं हत्यार आहे, नंतरचं नाही. तरीपण माझं म्हणणं तेच, की लॉक आपणहून लागायला पाहिजे, नाहीतर विचारायला तरी पाहिजे. नंबर ही दिसायला छोटी गोष्ट, पण माणूस त्या नंबरवर विश्वास ठेवून तारेला हात लावतो.

बाकीचं आता भरभर. सुरुवातीला सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते व्होल्टेजनं. नवीन फाईल उघडली की आत १२०/२०८ आणि २७७/४८० बसलेले, अमेरिकेचे. आपल्याकडं कागदावर ४००/२३०, बोलण्यात ४१५/२४०, आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटवर ११ केव्ही / ४३३ व्होल्ट. एसीचं मॉडेल नेटवरून उतरवलं, सर्किट केलं आणि पॅनेल निवडायच्या यादीत आमची डीबी दिसेच ना. दोन दिवस गेले. कारण एवढंच की त्या एसीच्या आत २०८ व्होल्ट लिहिलेलं आणि डीबीला २४०, व्होल्टेज जमलं नाही तर सॉफ्टवेअर ते पॅनेल दाखवतच नाही, का दाखवत नाही ते पण सांगत नाही. उपाय असा की एसीच्या आतला आकडा आपल्या व्होल्टेजचा करायचा, शिवाय व्होल्टेजच्या व्याख्येत कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा देता येतो. मी ४१५ ला ३८० ते ४४० आणि २४० ला २२० ते २५४ असं दिलं, त्यात २३० ची फिटिंगपण बसतात आणि ४३३ चा ट्रान्सफॉर्मरपण. आणि डीबी ठेवल्या ठेवल्या पहिलं काम तिला डिस्ट्रिब्युशन सिस्टीम (कुठलं व्होल्टेज, किती फेज ते) द्यायची, नाहीतर ती नुसती भिंतीवरची पेटी राहते.

दुसरं म्हणजे शेड्यूलचा साचा. आतला तयार साचा दोन बाजूंचा, डावीकडं १, ३, ५ उजवीकडं २, ४, ६, आणि त्यात १ आणि २ दोन्ही एकाच फेजवर असतात. आपला वायरमन आर १, वाय १, बी १ असं वाचतो. पहिले चार महिने मी नंबर हातानं एक्सेलमध्ये पालटून देत होतो, मूर्खासारखे कष्ट. मग कळलं की एका रकान्याचा साचा निवडता येतो आणि इलेक्ट्रिकल सेटिंगमध्ये फेजची नावं ए, बी, सी ऐवजी आर, वाय, बी लिहिता येतात, सर्किटचा नंबर फेजच्या नावानं पण येतो. तिथं माझं मत पहिल्यांदा फिरलं होतं.

डिमांड फॅक्टर, म्हणजे मांडलेल्या लोडपैकी एका वेळी किती धरायचा ते प्रमाण, मात्र बघूनच घ्या. सॉकेटच्या लोडला आत अमेरिकेचा नियम बसवलेला, पहिले १० केव्हीए पूर्ण आणि उरलेल्याचे निम्मे. म्हणजे २४ केव्हीए सॉकेट मांडले तर तो मागणी १७ च दाखवतो. आपल्या ऑफिसात कुठल्या सॉकेटला काय लागतं ते आपल्याला माहीत, तेव्हा लोडचे वर्ग स्वतः करा, फॅक्टर स्वतः भरा आणि तयार आकड्यावर मेन ब्रेकर ठरवू नका. माझं पहिलं शेड्यूल असंच हलकं निघालं होतं, जुन्या एक्सेलशी ताडून बघितलं म्हणून सापडलं.

आता ज्याच्यासाठी मी पैसे वसूल झाले म्हणतो ते. ही इमारत जयंती नाल्याच्या अंगाला आहे, २०१९ ला त्या गल्लीत पाणी आलेलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, ती ओलांडली की त्या भागातले लोक आधी मीटर बघायला धावतात. काम निम्मं झाल्यावर मालक म्हणाले मेन पॅनेल तळमजल्यावर नकोच, पहिल्या मजल्यावर घ्या. जुन्या पद्धतीत मला घाम फुटला असता, सगळ्या फीडरच्या (मेन पॅनेलपासून डीबीपर्यंतच्या केबलच्या) लांब्या परत मोजा, व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट जातात ते) परत काढा. इथं पॅनेल उचलून वर ठेवलं आणि सगळ्या फीडरची लांबी आपली आपण बदलली. वरच्या मजल्यांच्या केबल कमी झाल्या, दुकानांच्या थोड्या वाढल्या.

लांबीची गंमत शाखा सर्किटांमध्ये तर जास्त. २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर किलोमीटरला साधारण ८ ओहम धरली, तर ४५ मीटर लांब सर्किटवर १२ अँपिअरला जाऊन-येऊन साडेआठ व्होल्ट जातात, साडेतीन टक्क्यांच्या वर. मी लाइटला ३ टक्के आणि बाकीच्याला ५ टक्क्यांची मर्यादा धरतो. पूर्वी मी अंदाजानं लांबच्या सगळ्याच सॉकेटना ४ चौरस मिमीची वायर टाकायचो, आता कुठलं सर्किट खरंच लांब आहे ते दिसतं, तिसऱ्या मजल्यावर फक्त दोनच निघाली. फेजच्या वायरचं सांगतो, मॉडेलनं ९६० मीटर दाखवले, वर १० टक्के धरून १०५६, म्हणजे ९० मीटरच्या १२ कॉइल. माझ्या जुन्या अंदाजानं १५ मागवल्या असत्या. तेवढीच न्यूट्रलची. सहा कॉइल तांबं वाचलं, आजच्या भावात बघा. मालकांनी चहाला बोलावून विचारलं, हे आधी का नाही केलं.

पण इथं पण डोळे उघडे ठेवा. ती लांबी एका मार्गाची आहे, त्यात किती तारा आहेत तो गुणाकार आपला आपण. आणि मार्ग तो काटकोनात स्वतःच ठरवतो, त्याला जिना माहीत नाही, बीम माहीत नाही. मोठ्या फीडरचा मार्ग मी हातानं ओढून देतो, बाकीचं तसंच ठेवतो आणि ते १० टक्के त्याच्यासाठीच असतात.

भाड्याचं वर्ष संपायला चार महिने आहेत. परत भरणार, मन मारून भरणार कारण वर्षाला एवढे पैसे एका छोट्या ऑफिसला जड जातात, आणि एकदाच घ्यायचा पर्याय आता देतच नाहीत. त्या सहा कॉइल माझ्या खिशात नाही, मालकाच्या खिशात वाचल्या हेपण खरं आहे. फी थोडी वाढवून मागणार आहे पुढच्या कामाला, लांबीचा तक्ता दाखवून.

कुणी उभ्या टीपीएन डीबीचा चांगला साचा केला असेल, आर वाय बी ओळीत आणि खाली इन्कमर (डीबीचा मेन स्विच) आणि आरसीसीबीची (करंट गळाला की तोडणाऱ्या स्विचची) जागा वेगळी असलेला, तर कृपया पाठवा. मी माझा देतो, पण त्यात आरसीसीबी अजून नीट बसत नाही.

शाहूपुरीच्या दुसऱ्या मजल्याचा चार्ट मामांच्या फेरूलप्रमाणं परत केला, वायर काढल्या नाहीत. म्हणजे तो मजला परत ९.२, ४.१, ५.३ वरच आला. शनिवारी ऑफिस बंद असतं तेव्हा मामा आणि मी डीबीत तीन एसींचे टर्मिनल हलवणार आहोत, एकेक सर्किट चालू-बंद करून, आणि मग तिथंच उभं राहून चार्ट लिहिणार. मॉडेल त्याच्यानंतर.