ई-रीडरचे सहा महिने आणि एक 'ऱ्या'

सेकंडहँड ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं मशीन, घेऊन सहा महिने झाले, सहा इंची, साडेपाच हजारांत. पहिल्या पाच महिन्यांत एक पुस्तक धड संपलं नव्हतं आणि गेल्या महिन्यात तीन संपली, म्हणून लिहायलोय.

स्क्रीन-बॅटरीचं सगळ्यांना माहीत आहे. जुलैच्या पावसात आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडं करंट दोन दोन दिवस गायब, तरी वाचन अडलं नाही, एवढं बास.

माझं भांडण एका अक्षराशी. हरिभाऊ आपटे 1919 ला गेले, आपल्याकडं लेखक गेल्यावर 60 वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळं त्यांच्या कादंबऱ्या फुकटात मिळाल्या. उघडल्या तर 'दुसर्या', 'बिचार्या', 'सगळ्या कादंबर्या', जिथं तिथं रफार डोक्यावर. विकत घेतलेल्या एका प्रवासवर्णनात तर 'दर्याखोर्यांतून' आलं. अहो दर्या म्हणजे समुद्र! माझं लहानपण कणकुंबीला गेलं, मलप्रभा उगवते तिथं, दऱ्या काय असतात ते मला माहीत आहे, आणि प्रत्येक पानावर डोळा असा ठेचकाळला की वाचायची इच्छाच मरते. दहा पानं झाली की मिटून ठेवायचो.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला. कन्नड, हिंदी, इंग्लिश सगळं आहे, मराठी नाही. रीसेट करा म्हणाले, केलं, तर पुस्तकं उडाली आणि अक्षर होतं तसंच. लई संताप आला, मशीन विकायलाच काढलं होतं.

पण इथं मला माझं मत बदलावं लागलं. भाची बेळगावात टिळकवाडीत डीटीपी, म्हणजे छपाईसाठी मजकूर टाईप करून मांडायचं काम, करते, तिनं त्याच मशीनवर दुसरी फाईल उघडली, तर 'दुसऱ्या' अगदी स्वच्छ. म्हणजे दोष मशीनचा नव्हताच. साधा र, हलंत (पाय मोडायची खूण) आणि य टाईप केलं की 'आचार्य'मधला रफारच येणार, 'ऱ्या' पाहिजे तर खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यावा लागतो, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांत, बदलताना हे कुणी बघतच नाही. आचाऱ्याला आणि आचार्याला, ही दोन वेगळी माणसं की हो. सरसकट बदलूनही चालत नाही, सूर्य, कार्य, धैर्य सगळं बिघडतं. पोरीनं आपट्यांच्या दोन फायली एकेक शब्द बघून दुरुस्त करून दिल्या, दोन रविवार घालवले तिनं, मी शेजारी बसून शब्द सांगत होतो.

त्यानंतर खानापूर-बेळगाव बसमध्ये त्या दोन्ही संपल्या, वर एक विकतची. हातातलं पुस्तक कधी अडखळलं नाही की किती वाचून होतं हे मला पन्नाशीत कळलं.

मशीन ठेवणार. स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी मात्र घेऊ नका, अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते. प्रकाशकांना कळकळीनं सांगतो, दीडशे-दोनशे रुपये घेताय तर तेवढा 'ऱ्या' तपासा. तोवर घेणाऱ्यांनी आधी नमुन्याची पानं उतरवून त्यात 'दुसऱ्या' कसा दिसतो ते बघावं, मगच पैसे भरावेत.