मूडल : दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

गेल्या जुलैत आमच्या कॉलेजने मूडल बसवलं, म्हणजे नोट्स, क्विझ आणि मार्क ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर, तेव्हा पहिला दीड महिना मी त्याचं निव्वळ गोदाम केलं. पीपीटी, नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं नेऊन टाकलं. मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री पीडीएफ उतरवून घ्यायची. वर्गात काडीचा फरक पडला नाही.

मी नाशिकमध्ये सेकंड इयर सिव्हिलला स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स (भाराखाली वस्तू किती ताण सोसते, किती वाकते याचा विषय) शिकवते. फरक पडला तो मूडलमधलं क्विझ लेक्चरच्या आदल्या संध्याकाळी द्यायला लागल्यापासून. तीनच प्रश्न, आणि मार्क फक्त सोडवल्याचे. उत्तर चुकलं तरी कापायचे नाहीत. ही अट फार महत्त्वाची. मार्क बरोबर उत्तराला ठेवले की उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात किंवा चॅटजीपीटीकडून येतात आणि मुलांच्या मनात खरं काय आहे ते आपल्याला दिसतच नाही.

एक प्रश्न सांगते. सहा मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम, म्हणजे दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला, आणि डाव्या टोकापासून दोन मीटरवर १२ किलोन्यूटनचा भार. जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) किती? उत्तर १६ किलोन्यूटन-मीटर. सकाळी चहा घेताना रिपोर्ट उघडला, तर निम्म्याहून जास्त वर्गाने १८ लिहिलेलं. हे १८ आले डब्ल्यूएल भागिले चार, म्हणजे भार गुणिले लांबी भागिले चार, या सूत्रातून. ते सूत्र भार मध्यावर असतानाचं. भार कुठे आहे हे न बघताच लावून टाकलेलं. अकरा वर्षं मी हा भाग शिकवतेय. ‘समजलं का?’ विचारलं की सगळ्या माना हलायच्या. चूक कळायची ती पेपर तपासताना, म्हणजे हा भाग संपून दोन महिने झाल्यावर.

त्या दिवशी पीपीटी उघडलीच नाही. फळ्यावर बीम काढला आणि म्हटलं, शेजारच्याशी बोला आणि १६ की १८ ते ठरवा. मागच्या बाकावर दोघींचं चांगलंच जुंपलं. एक म्हणाली, ‘‘अगं, भार सरकवत टेकूवर नेला तर मोमेंट शून्य व्हायला पाहिजे ना? तुझ्या सूत्राने तिथेही १८च येतोय!’’ इतकं नेमकं मलाही मांडता आलं नसतं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझर १९९०च्या दशकापासून असंच शिकवत आले आहेत : आधी प्रश्न, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. वाचलं होतं; पटलं त्या दिवशी.

मूडलमधला ‘कॅल्क्युलेटेड’ प्रश्नप्रकार तर मला फार उपयोगी पडला. सूत्र एकदा भरायचं, मग प्रत्येकाला वेगळे आकडे जातात. मग मुलं एकमेकांना उत्तर विचारत नाहीत, रीत विचारतात.

आमची बरीच मुलं पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून येतात. घरी रेंज मिळेलच असं नाही. मोबाइल अ‍ॅपमध्ये क्विझ उतरवून ऑफलाइन सोडवता येतं आणि रेंज आली की ते जमा होतं. मात्र क्विझला वेळेची मर्यादा लावली की ही सोय चालत नाही. मला हे उशिरा कळलं. तोवर रोज एसटीने येणारी एक मुलगी स्टँडवर बसून, रेंज मिळवून क्विझ सोडवत होती. आता मी वेळ लावतच नाही.

व्हिडिओचं सांगायचं तर चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग कोणी बघत नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंचा २०१४ चा अभ्यास आहे, त्यात लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकलेलं दिसलं. मी आता पाच मिनिटांचे करते, समजावणं मराठीत, संज्ञा इंग्रजीच ठेवून.

त्रासही झाला. इंटर्नल टेस्टच्या आदल्या रात्री सर्व्हर बसला आणि मुलांचे फोन रात्री बारापर्यंत चालू होते. मूडल फुकट आहे, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. कॉलेजकडून माझ्याकडे दर महिन्याला विचारणा होते ती किती फाइल्स अपलोड केल्या याची, स्क्रीनशॉटसकट. कोणत्या प्रश्नाला वर्ग अडखळला, हे आजवर एकदाही कोणी विचारलेलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सेमिस्टरअखेरच्या फीडबॅकमध्ये काहींनी लिहिलं, ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.’ तो कागद दोन दिवस मनातून जाईना. मग हार्वर्डमधलाच २०१९ चा अभ्यास वाचनात आला. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या मुलांना चाचणीत मार्क जास्त पडले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. दुसऱ्या सेमिस्टरच्या पहिल्याच तासाला हे मुलांना सांगून टाकलं. कुरकुर बरीच कमी झाली.

वेळ मात्र जातो. चांगला एक प्रश्न, म्हणजे ज्याच्या चुकीच्या पर्यायातून नेमका गैरसमज कळेल असा, करायला मला अर्धा तास लागतो. सिव्हिल किंवा मेकॅनिकलला हा विषय शिकवणारं कोणी असेल तर सांगा, बीमच्या भागाचे माझे सगळे प्रश्न मूडल एक्सएमएल फाइलमध्ये (जी तुमच्या मूडलमध्ये थेट भरता येते) काढून देते. आकडे बदलून घ्या, आणि तुमच्या वर्गात १८ किती जणांनी लिहिलं ते मला नक्की कळवा.