मोठा ब्रेक किट न घेता: स्टेज 1 ऑक्टाव्हियाच्या पॅड-डिस्कचा वापरानंतरचा अनुभव

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय. मूळ ताकद 180 पीएस, त्यावर स्टेज 1 रीमॅप (सुटे भाग न बदलता इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंग बदलून ताकद वाढवणं), टायर 225/45 आर17. बदललं ते एवढंच: चारही चाकांचे पॅड, पुढच्या दोन डिस्क आणि ब्रेक ऑइल. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) मूळचेच, डिस्कचा व्यासही मूळचाच, म्हणजे पुढे 312 × 25 मि.मी. व्हेंटिलेटेड आणि मागे 272 × 10 मि.मी. सॉलिड. अख्खा पावसाळा, मग हिवाळा-उन्हाळा, मुंबई-पुणे ये-जा, ताम्हिणी, वरंधा आणि अधूनमधून कोकण, एवढं सगळं करून झाल्यावरचं मत असं की रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला, ताकद वाढवलेली असली तरी, सहा पिस्टनचा रंगीत किट लागत नाही. योग्य पॅड, ताजं ऑइल आणि नीट बसवलेली साधी डिस्क पुरते.

आधी एक गैरसमज. महागडे ब्रेक लावले की गाडी कमी अंतरात थांबते, असं बरेच जण धरून चालतात. मूळ ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएस लागत असेल, तर थांबण्याचं अंतर टायर आणि रस्ता ठरवतो, डिस्क नाही. तिथे पैसे घालायचे तर टायरमध्ये घाला. अपग्रेडचा खरा फायदा हा की दहाव्या वेळी दाबलेला ब्रेक पहिल्यासारखाच लागतो. सगळा हिशेब उष्णतेचा आहे.

तो हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. माणसं-सामान धरून 1,600 किलोची गाडी 100 च्या वेगावरून थांबवली तर सुमारे 617 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातली 70 टक्के पुढे धरली तर एकेका डिस्कच्या वाट्याला साधारण 216 किलोज्यूल येतात. डिस्कचं वजन 8 किलो धरलं तर एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान 55 अंशांच्या आसपास वाढतं. एकदा थांबून काहीच होत नाही. पण खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण 500 मीटर खाली येते, आणि तेवढी उंची म्हणजे याच गाडीचे 100 वरून बारा-तेरा वेळा थांबणे. गिअर ‘डी’मध्ये सोडून पाय सतत ब्रेकवर ठेवला तर त्यातला मोठा हिस्सा डिस्कमध्ये जातो. गिअरबॉक्स मॅन्युअल मोडमध्ये टाकून तिसऱ्यात उतरलं की निम्मं काम इंजिन करतं. हे फुकटचं अपग्रेड आहे, आणि ते न करता पॅडला शिव्या देणारे पुष्कळ.

ब्रेक कमी पडतोय म्हणजे नेमकं काय होतंय, ते आधी ओळखा. पेडल घट्ट आहे, पाय जोरात दाबलाय, तरी गाडी ओढत पुढे जातेय, तर पॅड तापून घर्षण गमावतोय. पेडल मऊ पडून खाली चाललंय, तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. पहिल्याला पॅड बदलायचा, दुसऱ्याला ऑइल. नवे पॅड लावल्यावर पहिल्याच जोरदार वापरात ब्रेक गेल्यासारखा वाटला, तर पॅडमधलं रेझिन तापून वायू सोडतंय. तो दोष नाही, बेडिंग (नवा पॅड टप्प्याटप्प्याने तापवून डिस्कवर त्याचा सारखा थर बसवणं) राहिलंय.

पॅडकडे वळू. लावलेल्या पॅडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव वाचलं की लोक कंपाउंड (पॅडच्या घासणाऱ्या थराचं मिश्रण) न बघता ऑर्डर टाकतात. वर्ग महत्त्वाचा. हा ‘फास्ट रोड’ वर्गातला, थंडीतही पकडणारा आणि सुमारे 500 अंशांपर्यंत टिकणारा पॅड आहे. पॅडच्या कडेवर कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती वाचायला शिका. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. रोजच्या गाडीला दोन्ही ‘एफ’ किंवा दोन्ही ‘जी’ चालतात. मात्र ही चाचणी इंचभर तुकड्यावर होते, त्यामुळे अक्षरं फक्त दिशा दाखवतात. त्या पॅडचा घर्षण-तापमान आलेख कंपनी देत असेल तर तो आधी बघा. रेघ जितकी सपाट तितका पॅड भरवशाचा.

ट्रॅकचा पॅड रस्त्यावर लावू नये. थंड असताना तो पकडतच नाही, सकाळी सोसायटीच्या गेटवर पहिला ब्रेक मारताना अंगावर काटा येतो. शिवाय कमी तापमानात तो डिस्क किसतो. उलट अगदी मऊ, धूळ न सोडणारा पॅड शहरात छान वागतो आणि वरंध्याच्या उतारावर हात टेकतो. मधला वर्ग निवडायचा, त्याबरोबर थोडी धूळ आणि थोडा आवाज घरात येणारच.

आणि पुढे-मागे एकाच जातीचे पॅड घ्या. पुढे जोरदार पॅड आणि मागे मूळचे, हा पैसे वाचवायचा नेहमीचा मार्ग. त्यात पुढची चाकं आधी एबीएसवर जातात आणि मागचे ब्रेक आपला पूर्ण वाटा उचलत नाहीत. या प्लॅटफॉर्मवर आणखी एक गोष्ट आहे. एक्सडीएस नावाची यंत्रणा वळणात आतल्या चाकाचा ब्रेक हळूच दाबते, तुमचा पाय पेडलवर नसतानाही. घाटात जोरात वळणं घेतली की ही उष्णता वेगळी जमा होते. पॅड अपेक्षेपेक्षा लवकर का झिजले, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

डिस्क साधीच घेतली: भोकं नाहीत, खाचा नाहीत, हाय-कार्बन ओतीव लोखंड. भोकं पाडलेली डिस्क अलॉयमधून देखणी दिसते, पण प्रत्येक भोक म्हणजे तेवढं लोखंड कमी. वारंवार तापून थंड झाल्यावर भोकाच्या काठावर केसासारख्या भेगा सुरू होतात. दोन भोकांना जोडणारी किंवा बाहेरच्या काठापर्यंत गेलेली भेग दिसली तर डिस्क तिथल्या तिथे बाद. खाचांची डिस्क ट्रॅकवर उपयोगी, कारण पॅडचा चकाकलेला थर ती खरवडत राहते. रस्त्यावर मात्र त्याच कामाचा घरघर आवाज येतो आणि पॅड लवकर संपतो. डिस्कच्या आतल्या हवेच्या पट्ट्या वक्र असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते. फिटर घाईत असला की हमखास अदलाबदल होते. खोक्यावरचं ‘एल’ आणि ‘आर’ स्वतः बघून द्या.

340 × 30 च्या डिस्कवर जायचं असेल, तर त्या जाडीचे कॅलिपर, कॅरिअर (कॅलिपर धरून ठेवणारा सांगाडा) आणि किमान 17 इंची चाकं लागतात. चाकाच्या आतला वक्र आणि स्पोक कॅलिपरला घासत नाहीत ना, हे कागदी साचा कापून तपासायचं. वजन वाढतं, तेही स्प्रिंगखालचं (अनस्प्रंग) वजन. नियमित ट्रॅक करणाऱ्यालाच ते परवडावं. एकाच मॉडेलमध्ये 288, 312 आणि 340 अशा वेगवेगळ्या डिस्क येऊ शकतात. म्हणून डिकीतल्या स्टिकरवरचा पीआर कोड (गाडीत कारखान्यातून कोणते भाग बसवलेत ते सांगणारा) दुकानदाराला द्या, आणि शक्य असेल तर चाक काढून व्यास मोजून घ्या.

ऑइलचं थोडक्यात. डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडा (ताजं असताना) 230 आणि ओला (पाणी शोषल्यावर) 155 अंश. ओला आकडाच खरा, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत पाण्याची कमतरता नाही. मोटुल आरबीएफ 600 चा कोरडा बिंदू 312 आहे. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या चारही चाकांना पुरतात. पण अशी ऑइलं ईएसपीसाठी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) लागणाऱ्या पातळ ऑइलपेक्षा थोडी घट्ट असतात. सह्याद्रीत फरक जाणवत नाही, हिवाळ्यात लडाखला जाणार असाल तर कंपनीने सांगितलेलंच पातळ डॉट 4 ठेवा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर बदलायचं. एअर काढण्याचा क्रम मॅन्युअलमधला धरा, ‘लांबच्या चाकापासून’ हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही.

आता बसवणं. हे नीट झालं नाही तर वरचं सगळं वाया. डिस्क धरून ठेवणारा टी30 चा स्क्रू गंजलेला असतो. साध्या पान्याने जोर लावला की डोकं गोल होतं, म्हणून हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हवा. डिस्क निघाली की हबचा (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा. स्क्रूच्या भोकाभोवती आणि मधल्या कॉलरच्या मुळाशी गंजाचा पापुद्रा चिकटून राहतो, बोटाने चाचपून बघा. नवी डिस्क बसवून दोन-तीन चाक-बोल्ट वॉशर घालून कसायचे आणि कडेपासून सेंटिमीटरभर आत डायल गेज लावून फिरवायचं. डगमग 0.05 मि.मी.च्या आत हवी. जास्त आली तर डिस्क हबवर एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजायची, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. चार-पाच महिन्यांनी स्टिअरिंग थरथरू लागतं आणि सगळे डिस्कला दोष देतात, त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हा न पुसलेला गंज असतो.

पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतलं थोडं ऑइल काढा, नाहीतर ते उतू जाऊन रंग खातं. कॅलिपर होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. साधा हँडब्रेक असेल तर मागचा पिस्टन नुसता दाबायचा नसतो, आत ढकलत फिरवायचा असतो, त्याचं वेगळं हत्यार मिळतं. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड. पुढच्या गाइड पिनला 7 चा ॲलन लागतो, टॉर्क 30 न्यूटन-मीटर. रबरी बुशमध्ये चालणाऱ्या या पिना स्वच्छ पुसून कोरड्याच बसवायच्या. सवयीने ग्रीस चोपडलं की रबर फुगून पिन अडकते आणि एकाच बाजूचा पॅड झिजतो. सिरॅमिक पेस्ट फक्त पॅडचे कान कॅरिअरवर सरकतात तिथे, तीही नखभर. पॅडला वेअर सेन्सरची वायर आहे का, हे ऑर्डर देतानाच बघा. नसेल तर डॅशवर दिवा लागून राहतो. चाकाचे बोल्ट 120 न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचनेच. न्यूमॅटिक गनने कसलेली चाकं परत सोडवून कसून घ्या.

बेडिंगला पहाटेचा मोकळा रस्ता लागतो. आधी 60 वरून 20 पर्यंत पाच-सहा वेळा हलक्या पायाने. मग 100 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा, एबीएस लागणार नाही इतक्या जोरात, मध्ये गाडी पूर्ण न थांबवता. वास येईल, थोडा धूरही दिसेल. नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून थंड करा. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच छापला जातो. डिस्कवर सगळीकडे सारखा राखाडी-निळसर थर दिसला की काम झालं.

वापरात काय जाणवलं? घाटात पेडल वरपासून खालपर्यंत सारखं राहतं, हा सगळ्यात मोठा फरक. पाय जितका दाबावा तितकंच मिळतं. पहिल्या महिन्यात सिग्नलजवळ 10-15 च्या वेगाला चीं आवाज येत असे. पॅडच्या पुढच्या-मागच्या कडा कानशीने तिरक्या केल्यावर तो बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. भर पावसात लांब पट्ट्यावर ब्रेक न वापरता चाललं की पहिला दाब क्षणभर पोकळ लागतो. डिस्कवरचं पाणी पुसलं जायला तेवढा वेळ लागतो, म्हणून टोलनाक्याच्या आधी पेडल हलकेच दाबून ठेवायची सवय बरी. काळी धूळ भरपूर. ओल्या चाकावर ती आठवडाभर राहिली की लॅकरमध्ये डाग बसतात. मालवणला समुद्राजवळ गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्क केशरी होते. ब्रेकच्या चार-सहा दाबांत घासणारा भाग साफ होतो. कडा आणि मधला भाग मात्र लेप असलेल्या डिस्कचेच चांगले राहतात, त्यामुळे किनाऱ्याकडच्यांनी लेपाची डिस्कच मागावी.

मध्यंतरी 90-100 च्या वेगाला ब्रेक दाबताना स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू झाली. बराच काळ फक्त शहरात, हलक्या पायाने चालवल्यावर थर असमान झाला होता. गॅरेजमध्ये लगेच ‘लेथवर कट मारू’ म्हणतात, म्हणजे डिस्क तासून सपाट करू. त्याआधी बेडिंग पुन्हा करून बघा. इथे तेवढ्यानेच थरथर गेली.

झीज: साधारण 16 हजार किलोमीटरला पुढच्या पॅडचा तिसरा हिस्सा संपलाय, मागचा त्याहून थोडा कमी. पुढची डिस्क 25 वरून 24.6 वर आलीय, बाद होण्याची मर्यादा 22. जाडी मोजताना साधा व्हर्निअर काठावरच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतो आणि जाड आकडा दाखवतो, म्हणून टोकदार जबड्यांचा मायक्रोमीटर घ्या. पॅड 2 मि.मी. उरेपर्यंत चालतो, पण शेवटच्या चार-पाच मि.मी.त उष्णता पिस्टनकडे आणि ऑइलकडे जास्त जाते. घाटावर राहणाऱ्याने 5 ला बदलावा.

ट्रॅकसाठी हा सेट अपुरा आहे. बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला जी उष्णता एका दमात येते, ती या पॅडच्या आवाक्याबाहेर. किती तापतंय हे अंदाजाने बोलू नका. डिस्कच्या बाहेरच्या कडेला तापमान दाखवणारा रंग लावा: हिरवा 430 अंशांना उडतो, केशरी 560 ला, लाल 610 ला. रस्त्यावर, सगळ्यात दमवणाऱ्या उतारानंतरही, या गाडीचा हिरवा पट्टा जागेवर होता. पुढच्या खेपेला पॅड याच वर्गातला घेणार, डिस्कला अजून हात लावणार नाही, आणि उरलेले पैसे पुढच्या होजना. त्या मूळच्याच आहेत आणि वाकवून बघितल्या की मुळाशी बारीक तडे दिसू लागलेत.